दिलेल्या दिवसाचा भाव

"सोनं घ्या वहिनी, सोन्यासारखं राहा," म्हणत घोरपड्यांनी माझ्या हातावर पान ठेवलं, आणि त्यांच्या पाठीमागे डोंगरावरून धुकं खाली उतरायला लागलं.

कॅलिफोर्नियात आपटा कुठून मिळणार? घोरपड्यांनी कुणाच्या तरी बागेतला कांचन गाठला होता. पान तसंच, मधे दुभंगलेलं, फक्त जरा मोठं. माणूस कोल्हापूरचा, त्यामुळे दसरा म्हणजे दसराच पाहिजे. डोक्याला भगवा फेटा, खाली पांढरी पँट आणि पळायचे बूट, अशा अवतारात ते स्वतःच्या अंगणात मिरवत होते. त्यांच्या कंपनीतले चिनी, रशियन, तमिळ, गुजराती सगळे हातात पानं धरून उभे. सोनं मिळाल्यावर त्याचं पुढे काय करायचं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. एका रशियन मुलाने पान चावून बघितलं.

मग घोरपडे पायरीवर चढले आणि इंग्रजीत बोलायला लागले. कंपनी एका बड्या कंपनीने विकत घेतली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. नोकऱ्या कुणाच्याच जाणार नाहीत, हे त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं. "आणि आता शेवटचं. आज आमचा दसरा. ज्याचे जेवढे ऑप्शन अजून अडकून आहेत, ते सगळे मी मोकळे करतोय. सगळ्यांचे. एकदम."

अंगणात एकच गलका झाला.

ऑप्शन म्हणजे काय, ते तेव्हा आमच्या त्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नोकरीला लागताना कंपनीच्या शेअरचा जो भाव असेल, त्याच भावाने पुढे कधीही शेअर घेण्याचा हक्क. भाव वर गेला तर तुम्ही श्रीमंत. पण हा हक्क सगळा एकदम हाती येत नाही. तो चार वर्षांत थोडा थोडा मोकळा होतो, आणि मधेच नोकरी सोडली तर उरलेला बुडतो. माणसाला बांधून ठेवायची ही चांगली युक्ती होती. त्या चार वर्षांच्या दाव्याला श्रीरंग बांधलेला होता, आणि त्याला बांधलेली मी.

मी गर्दीत त्याला शोधलं. माझ्या छातीत इतकं धडधडत होतं की मला त्याच्या गळ्यातच पडायचं होतं. श्रीरंग कुंपणापाशी उभा होता, पाठमोरा. खाली समुद्र होता, पण धुक्यामुळे दिसत नव्हता. तरी तो तिकडेच बघत होता.

मला इतकं का धडधडत होतं, ते सांगायला हवं. पुण्यात मी वेधशाळेत होते. सकाळी गच्चीवर जाऊन हायड्रोजनचा फुगा सोडायचा आणि दुर्बिणीतून तो दिसेनासा होईपर्यंत त्याचा पाठलाग करायचा, वरचा वारा कुठे चाललाय ते टिपायचं, हे माझं काम. या कामासाठी मला पगारही मिळतो, याची मला कधी कधी गंमत वाटायची. श्रीरंगला अमेरिकेत नोकरी लागली तेव्हा मी बिनपगारी रजा घेतली. पाच वर्षांच्या वर सरकार कुणाला रजा देत नाही. ती पाच वर्षं येत्या जूनमध्ये संपत होती.

श्रीरंग घोरपड्यांकडे लागला तेव्हा त्याने मला शब्द दिला होता. "चार वर्षं, वृंदा. ऑप्शन पुरे झाले की तिकीट काढायचं." ते पुरे होणार होते पुढच्या ऑक्टोबरमध्ये. म्हणजे माझी नोकरी गेल्यावर चार महिन्यांनी. मी जूनमध्ये पुढे जाते, तू मागून ये, असं मी एकदा म्हणून पाहिलं. "बघू," तो म्हणाला. त्याच्या या 'बघू'ची मला धास्ती होती. त्या 'बघू'वर आमच्या घरातले पडदे राहिले होते, आणि मूलही.

आणि आता घोरपड्यांनी ते दावं एका वाक्यात सोडवलं होतं. मी कुंपणापाशी गेले.

"श्रीरंग! ऐकलंस ना?"

"हं."

"हं काय? जूनच्या आत जाता येईल!"

"धुकं किती लवकर आलं आज," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर तो बोलला नाही. गाडी चालवताना तो एरवीही कमीच बोलायचा, त्यामुळे मी माझ्याच नादात होते. मनाने मी कधीच पुण्यात पोचले होते. घरी येऊन मी चहा टाकला, तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"मी ते घेणार नाहीये," तो म्हणाला.

"काय?"

"घोरपड्यांना सांगणार आहे, माझे ऑप्शन ठरल्या तारखांनाच मोकळे होऊ देत."

मला वाटलं तो चेष्टा करतोय. पण त्याचा चेहरा ऑफिसातल्यासारखा झाला होता.

"इथल्या करात एक मर्यादा आहे. एका वर्षात लाख डॉलरपर्यंतच्याच ऑप्शनना सवलत. त्यावर नव्याने जेवढे मोकळे होतील, ते पगारासारखे धरतात. आज कंपनीचा भाव कुठे गेलाय बघ. सगळे एकदम मोकळे झाले तर आपण त्या मर्यादेच्या कितीतरी वर जाणार."

"मग भरू कर. आपलेच जास्तीचे पैसे जातील ना?"

"पैशांचा प्रश्न नाही. चूक आहे ते. समजून उमजून कशाला चूक करायची?"

श्रीरंग टूथपेस्टच्या खोक्यावरचा मजकूरही शेवटपर्यंत वाचणारा माणूस. कायद्याचं त्याने सांगितलं की ते तसंच असणार, हे मी लग्नानंतर पहिल्या महिन्यातच मान्य करून टाकलं होतं. मी भांडले, रडले, चहा उतू गेला. पण तो खोटं बोलत असेल, असं माझ्या मनातही आलं नाही.

त्यानंतरचे दिवस आठवायला गेलं की मला फक्त पांढरं दिसतं. आमचं गाव समुद्राला लागून. दुपार कलली की धुकं रस्त्यावरून चालत यायचं, आधी समोरच्या घराचं छप्पर जायचं, मग झाड, मग आमचं फाटक. माझ्या व्हिसावर नोकरी करायला परवानगी नव्हती. त्या दुपारी मी कोचावर पडून असायचे, झोप म्हणावी तर झोप नाही, जाग म्हणावी तर जाग नाही. बंदरावरचा भोंगा मधूनमधून वाजायचा. मी वेधशाळेच्या जिन्यावरून वर जाते आहे, जिना संपतच नाही, गच्चीवर पोचते तर हातातल्या फुग्याची दोरी कुणीतरी आधीच सोडून दिलेली, असं काहीबाही दिसायचं. मी घाबरून डोळे उघडायचे. खिडकीत पुन्हा तेच पांढरं.

आणि खरं सांगायचं तर ते पांढरं मला आवडायला लागलं होतं. हे मी त्या वेळी स्वतःलाही सांगितलं नसतं. धुकं आलं की मी शाल घेऊन बाहेर पडायचे आणि समुद्रात लांबवर गेलेल्या लाकडी धक्क्यावर टोकापर्यंत चालत जायचे. तिथे फिलिपिनो म्हातारे खेकड्यांच्या जाळ्या टाकून बसलेले असायचे. त्यांच्यातला एक रोज हात वर करायचा. मी पण करायचे. त्यापलीकडे आमची ओळख नव्हती, आणि ती पुरेशी होती. चार-साडेचार वर्षांत मी त्या गावाची कधी झाले, ते माझं मलाच कळलं नव्हतं.

दिवाळीच्या आठवडाभर आधी एका दुपारी घोरपडे दारात उभे. श्रीरंग ऑफिसात. फेटा नसल्यामुळे ते जरा बुटके वाटत होते.

"या की भाऊजी. आत या."

"चहा देणार असला तर येतो," म्हणत ते आलेच आणि कोचावर बसले. "वहिनी, तुमच्या नवऱ्यानं माझं सोनं परत पाठवलं."

"मला माहीत आहे."

"दसऱ्याचं सोनं कुणी परत करतंय व्हय? माझ्या उभ्या आयुष्यात असलं बघितलं न्हाई. सगळ्यांनी सह्या केल्या. हा एकटाच म्हणतोय, माझं राहू द्या. मी काय वाईट केलं का त्याचं?"

त्यांना खरोखर लागलं होतं. मी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. "तसं नाही हो. कराची ती मर्यादा आहे ना, लाख डॉलरची. त्यामुळे तो म्हणतोय."

"कसली मर्यादा?"

"तीच. एका वर्षात लाखाच्या वर गेलं की..."

"ती होय! तिचं तुमच्या वाकणकरला काय?" ते हसले. "ओ वहिनी, ती आजच्या भावानं मोजत न्हाईत. ऑप्शन ज्या दिवशी दिला ना, त्या दिवसाचा भाव धरतात. आंब्याचं रोप केवढ्याला घेतलं तेवढंच बघायचं, आज झाडावर आंबे किती ते बघायचंच न्हाई. वाकणकर आला तेव्हा आपल्या शेअरला कुत्रं विचारत नव्हतं. वीस सेंट भाव! त्याचं सगळं मिळून त्या दिवशी एक जुनी गाडी आली नसती. लाखाचं काय घेऊन बसलाय?"

मी बसले.

"वकील लावून एकेकाचं बघितलंय मी दसऱ्याच्या आधी. देताना कुणाचं नुकसान करीन का? मर्यादेला लागतोय एकच, तो गेल्या साली आलेला विक्रीवाला. त्याला दिला तेव्हा भाव चढला होता, म्हणून."

"श्रीरंगला हे माहीत नसेल," मी म्हटलं.

"माहीत नसेल? अहो, त्यानंच तर बाकीच्यांना समजावलं! ते रशियन पोरगं घाबरलं होतं, त्याला फळ्यावर गणित मांडून दाखवलं यानं. दिलेल्या दिवसाचा भाव, आजचा न्हाई, असं मोठ्ठ्या अक्षरात..."

आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. हातातला कप त्यांनी हळूच खाली ठेवला. घोरपडे आरडाओरडा करणारे असतील, पण मठ्ठ नव्हते.

"माझं तोंडच फाटकं," ते म्हणाले. "वहिनी, मी आपलं सहज..."

"नाही हो भाऊजी. बरं झालं."

उठताना ते बराच वेळ बूट घालत बसले. दारातून म्हणाले, "कागद माझ्याकडंच ठेवलाय. दिवाळीपर्यंत सही चालती. तेवढं सांगा त्याला. नसंल सांगायचं तर नका सांगू."

ते गेल्यावर मी कप विसळला. पुन्हा विसळला. मला राग येईल असं वाटत होतं, पण राग आला नाही. आधी नुसती भीती वाटली. ज्या माणसाने कधी रस्त्यावरचा तांबडा दिवा चुकवला नाही, त्याने माझ्याशी खोटं बोलण्यासाठी एक अख्खा कायदा उलटा केला होता. म्हणजे त्याला ते दावं किती हवं असेल!

संध्याकाळी तो आला तेव्हा मी शाल घेऊन तयार होते. "धक्क्यावर जाऊ," म्हटलं. तो कपडे न बदलता तसाच आला. धुकं इतकं दाट होतं की पायाखालच्या फळ्या तेवढ्या दिसत होत्या आणि त्यांच्या फटीतून खाली हलणारं काळं पाणी. दोघं टोकापर्यंत चालत गेलो. म्हातारे आपापल्या जाळ्यांपाशी होते. माझ्या ओळखीच्याने हात वर केला.

"कोण तो?" श्रीरंगने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. मग म्हटलं, "घोरपडे आले होते आज."

तो कठड्याला टेकला. पुढे काही सांगायची गरजच पडली नाही. मी काय बोलणार ते त्याला कळलं, आणि त्याला कळलंय हे मला.

"फळ्यावर काढून दाखवलंस म्हणे," मी म्हटलं. "मोठ्या अक्षरात."

"वृंदा..."

"मला का नाही दाखवलंस?"

शेजारच्या म्हाताऱ्याने जाळी वर ओढली. आत काही नव्हतं. त्याने ती परत सोडली.

"मला नाही जायचं परत," श्रीरंग म्हणाला. अगदी हळू, जणू तिसऱ्या कुणाबद्दल सांगत होता. "पुण्यात मी अण्णांचा धाकटा. दादाचा भाऊ. वाड्याच्या वाटणीत तू कुठल्या बाजूचा, असं ज्याला विचारतात तो. तिथे मी काही बोललो की आधी लोक दादाकडे बघतात. इथे मला कुणी ओळखत नाही गं. चार वर्षं मी नुसता मी आहे. मला ते... मला त्याची सवय झाली."

मला त्याचा संताप आला आणि त्याच क्षणी त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. इतकी वर्षं शेजारी झोपणाऱ्या माणसाला काय दुखतंय, ते मला माहीतच नव्हतं.

"मग शब्द कशाला दिलास?"

"तेव्हा खरा होता. तेव्हा इथे माझं काय होतं? एक गादी आणि दोन पातेली. आज सगळंच वेगळं आहे."

"तुमच्या कायद्यात दिलेल्या दिवसाचा भाव धरतात ना?" मी म्हटलं. "मग शब्दाचा पण तोच धर."

त्याने मान खाली घातली. मला वाटलं आता तो चिडेल. पण तो कठड्यावरचा ओलसर थर बोटाने पुसत राहिला आणि मग म्हणाला, "ठीक आहे. उद्या सही करतो. जूनच्या आत जाऊ."

हेच ऐकायला मी इतके दिवस तळमळत होते. पण तो ते कसं म्हणाला, ते तुम्हाला ऐकवता आलं असतं तर बरं झालं असतं. दवाखान्यात 'टोचा सुई' म्हणतात तसं.

"तुला यायचंय?"

"सही करतो म्हटलं ना. फक्त शेअर घेतल्यावर वर्षभर विकले नाहीत तर कर कमी बसतो. तेवढं एक बघायला लागेल. म्हणजे मी कदाचित थोडा मागून..."

मला हसू फुटलं. आवरेना. म्हातारे वळून बघायला लागले.

"काय झालं?"

"एकही कलम मधे न घालता तुला माझ्याशी बोलता येतं का रे? एकदा बोल. एकच वाक्य."

त्याने शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या.

तेव्हा मी त्याला ते सांगितलं, जे तोवर मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. "श्रीरंग, दसऱ्याच्या दिवशी, त्या कुंपणापाशी, तू मला नुसतं 'राहा' म्हणाला असतास ना, तर मी राहिले असते. रडले असते, वर्षभर तुला टोमणे मारले असते. पण राहिले असते. या धुक्यासाठी आणि तुझ्यासाठी. तू मला विचारलंच नाहीस. कर सांगितलास."

भोंगा वाजला. तो थांबेपर्यंत मी थांबले. मग आणखी थोडी थांबले. कारण अजूनही उशीर झाला नव्हता, आणि हे त्यालाही कळत होतं. एक शब्द होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. धुक्यात त्याचा चष्मा पांढरा झाला होता, त्यामागे तो माझ्याकडे बघतोय की पाण्याकडे, तेही दिसेना. शेजारच्या म्हाताऱ्याच्या जाळीत या खेपेला एक खेकडा आला. त्याने तो उचलून नीट पाहिला, लहान होता म्हणून परत पाण्यात टाकला.

"थंडी वाजतेय," श्रीरंग म्हणाला. "जाऊ या घरी."

त्याने दुसऱ्या दिवशी सही केली. घोरपड्यांनी त्या खुशीत पेढे वाटले म्हणे. श्रीरंगच्या पायातलं दावं सुटलं, माझ्याही. मी जूनची वाट पाहिली नाही. जानेवारीत मला रुजू व्हायचं होतं, तसं मी वेधशाळेला कळवून टाकलं. मधले दिवस आम्ही फार सांभाळून राहिलो. तो मागून येणार आहे, असंच दोघंही बोलायचो. शेअरचं वर्ष झालं की, घरभाड्याचा करार संपला की. मी माझे गरम कपडे त्याच्याकडेच ठेवले, परत येणारी माणसं ठेवतात तसे. वाद असा एकही झाला नाही. एका रात्री तर आम्ही पडद्यांचं कापडसुद्धा पसंत केलं.

विमानतळावर सोडायला तोच आला. माझ्या दोन्ही बॅगा त्यानेच काट्यावर ठेवल्या. वजन भरत होतं ते त्याने वाकून वाचलं, बॅगांची नियमावली तिथे चिकटवलेली होती तीही वाचली. मी त्याच्या बाहीला धरून उभी होते. सोडायची कधी, ते मला समजत नव्हतं.

काउंटरवरची मुलगी हसतमुख होती. तिने आमच्याकडे पाहिलं, बॅगांकडे पाहिलं.

"दोघं बरोबर जाताय का?" तिने विचारलं.

"नाही," श्रीरंग म्हणाला.

इतकं सरळ उत्तर मी त्याच्या तोंडून तोवर कधी ऐकलं नव्हतं. मी त्याची बाही सोडली.